आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) पाणबुडीच्या नळीत परत परत पाणी येतंय? सीलंट लावायच्या आधी हे करून बघा

"सगळीकडे सिलिकॉन फासलं तरी नळीत पाणी येतंय, आता काय करू?" गेल्या सहा वर्षांत हा फोन मला निपाणीहून आलाय, खानापुरातनं आलाय, पलीकडे कोल्हापूर-गडहिंग्लजकडनंपण आलाय. आणि माझ्या स्वतःच्या बोटीत हाच बिघाड मी इतक्यांदा काढलाय की आता झाकण उघडून आत बघितलं की निम्मं कळतंय. म्हणून सगळं एकदा लिहून ठेवतोय.

आधी माझी बोट कशी आहे ते सांगतो म्हणजे पुढचे आकडे कळतील. मी आयएनएस कुरसुरा केलीय, १:४८ मापात. खरी कुरसुरा १९६९ ला नौदलात आली, २००१ ला निवृत्त झाली आणि २००२ पासून विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर म्युझियम म्हणून ठेवलीय, आत-बाहेर फिरून पाहिजे तेवढं बघता येतं म्हणून मी तीच घेतली. ९१.३ मीटर भागिले ४८ म्हणजे १ मीटर ९० सेंटिमीटर, सव्वासहा फूट. बाहेरचं अंग फायबरचं आहे आणि त्यात पाणी मोकळं आत-बाहेर करतंय, ते तसंच पाहिजे. त्याच्या पोटात ११० मिमीची पीव्हीसी नळी, ९० सेमी लांब, दोन्ही तोंडाला झाकण. मोटारी, बॅटरी, सर्व्हो (सुकाणू हलवणाऱ्या छोट्या मोटारी), रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारा), पिस्टन टाकी (बोट बुडवायला पाणी आत ओढून घेणारी) सगळं त्या नळीत, आणि कोरडं राहायला पाहिजे ते एवढंच. कुरसुरा फॉक्सट्रॉट जातीची, त्या पाणबुडीला तीन पंखे असतात, त्यामुळं मागच्या झाकणाला तीन शाफ्ट (पंखा फिरवणाऱ्या दांड्या) आणि दोन पुशरॉडची (सर्व्होपासून सुकाणूकडे जाणाऱ्या काड्या) भोकं आली. पुढच्या झाकणाला एक पुशरॉड, टाकीचा पाण्याचा पाइप, अँटेनाची वायर, दिव्याची वायर आणि एक व्हॉल्व्ह. दहा भोकं झाली बघा, शिवाय दोन झाकणांच्या ओ-रिंगा (खाचेत बसणाऱ्या गोल रबरी कड्या) वेगळ्या.

लक्षणं

पाणी आलं एवढंच सांगून उपयोग नाही, कसं आलं ते बघायला पाहिजे. नळी उघडल्यावर आतल्या भिंतीला सगळीकडे बारीक थेंब आहेत पण तळाला डबकं नाही, हा एक प्रकार. कितीही वेळ चालवा, अर्धा तास नाहीतर दोन तास, पाणी दरवेळी तेवढंच चमचा-दोन चमचे, हा दुसरा. जेवढी मोटार जास्त फिरली तेवढं पाणी जास्त, हा तिसरा. सकाळी चालवली तर कोरडी आणि दुपारी चालवली की ओली, हा चौथा, आमच्याकडे एप्रिल-मे मध्ये हमखास. आणि पाचवा, ज्यानं माणूस चक्रावतो, बोट खाली असताना बुडबुडे सोडते, वर आल्यावर उघडली की पाणी सापडतं.

पाणी दिसायच्या आधीची लक्षणंपण असतात. टाकी पूर्ण रिकामी केली तरी बोटीची पाठ नेहमीएवढी पाण्याबाहेर येत नाही. शेपूट बसतं. पळवताना नाक वर झालं की झालेलंच राहतं, कारण आतलं पाणी सगळं मागं पळतं आणि वजन तिथंच बसतं. १०० मिली पाणी म्हणजे सरळ १०० ग्रॅम, एवढ्या मोठ्या बोटीला ते किरकोळ वाटेल पण एका टोकाला साठलं की बोट सरळ राहत नाही. सर्व्हो आपोआप थरथरायला लागले तर ओलावा रिसीव्हरपर्यंत पोचला म्हणून समजा आणि त्या दिवशीचा खेळ तिथंच बंद करा.

पाणी कधी येतंय

आमच्या बेळगावच्या उद्यमबागमध्ये एक टर्नर (लेथवर काम करणारे) आहेत, माझी झाकणं त्यांच्याकडेच होतात. पहिल्यांदा नळी घेऊन गेलो तेव्हा मी म्हटलं, सीलंटनं थांबत नाही, अजून जाड लावू काय. ते म्हणाले, "नीर यल्लिंद बरतैति, मदल अद नोड्री." पाणी कुठनं येतंय ते आधी बघा. मी त्यात आणखी एक घालतो, कधी येतंय तेपण बघा.

खोल गेल्यावर दाब वाढतो म्हणून पाणी शिरतं असं सगळ्यांना वाटतं. पिस्टन टाकीच्या बोटीत बऱ्याचदा उलटं असतंय. माझ्या नळीत साधारण ५ लिटर हवा आहे आणि टाकी ७०० मिलीची. बोट बुडवायला पिस्टन मागं ओढला की ७०० मिली पाणी टाकीत येतं आणि आतली हवा ४.३ लिटरमध्ये कोंबली जाते. म्हणजे दाब १६ टक्के वाढला, दीड मीटर पाण्याखाली असतो तेवढा. बोट जर एकच मीटर खाली असेल तर आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त, मग पाणी शिरायचं सोडाच, हवाच बाहेर निघते, ते बुडबुडे. आता थोडी हवा गेली. टाकी रिकामी करून बोट वर आली, आतली जागा परत ५ लिटर झाली पण हवा कमी, म्हणजे आत ओढ तयार झाली, सिरिंजचा दांडा ओढल्यासारखी. आणि मग पाण्यावर शांत तरंगत असताना बोट पाणी पिते.

ह्यात फसवणारी गोष्ट अशी की हवा एका भोकातनं जाते आणि पाणी दुसऱ्याच भोकातनं येऊ शकतं. आपण बुडबुड्याच्या जागी सीलंट लावतो आणि पाणी पलीकडनं येतच राहतं. माझा पहिला पूर्ण उन्हाळा ह्यात गेला.

आता तपासणी, फुकटातली आधी

आत आलेलं पाणी सिरिंजनं ओढून मोजा. भिंतीला थेंब आहेत पण सगळं मिळून दोन-तीन थेंबांच्या वर भरत नसेल तर ती गळती नाही, हवेतली वाफ आहे. ३० डिग्रीच्या दमट हवेत घनमीटरला ३० ग्रॅम पाणी असतं, त्या हिशोबानं ५ लिटर हवेत फार तर ०.१५ ग्रॅम. पावसाळ्यात खानापूर बाजूला बोट नेली की हे होणारच. दोन सिलिका जेलच्या पुड्या टाका, विषय संपला. पाव चमचा जरी पाणी निघालं तरी मग मात्र ती गळतीच आहे.

दुसरं फुकटातलं म्हणजे ऊन. नळी गाडीच्या डिकीत तापून ४० डिग्री झाली आणि विहिरीच्या २४ डिग्रीच्या पाण्यात टाकली की आतली हवा आकसते, दाब ५ टक्के पडतो, म्हणजे न बुडताच अर्धा मीटर खोलीएवढी ओढ. दुपारीच पाणी येण्याचं कारण हे. उपाय असा, पुढच्या झाकणाला मोटरसायकलच्या ट्यूबचा पिनवाला व्हॉल्व्ह बसवून घ्या, बोट सावलीत पाण्यावर पंधरा मिनिटं ठेवा, व्हॉल्व्हचं तोंड पाण्याच्या वर आहे बघून पिन दाबा, फुस्स झालं की सोडा. आत-बाहेर दाब सारखा झाला. झाकण लावतानापण ही पिन दाबूनच लावा, नाहीतर झाकण हवा कोंबत आत जातं आणि नंतर तीच हवा त्याला बाहेर ढकलत बसते. चौथ्या लक्षणाचे निम्मे लोक इथंच बरे होतात, पण ओढ होती म्हणून पाणी आलं तर कुठंतरी वाट आहेच, ती शोधायची राहिली हे विसरू नका.

तिसरं, ओ-रिंग. झाकण काढा, रिंग काढा, बोटावरनं फिरवत उजेडात बघा. एक केस, एक कापसाचा धागा, वाळूचा एक कण एवढं पुरतं. खाच कापडानं नको, बोटानं पुसा, कापडच धागे सोडतं. काळी नायट्राइल रिंग असेल तर सिलिकॉन ग्रीसचा एकदम पातळ हात, नुसती चमक येईल एवढाच. ग्रीस पाणी अडवत नाही, रिंग पिळवटू नये म्हणून ते असतं, थापलं की उलट कचरा धरतं. रिंग सिलिकॉनची असेल तर तिला सिलिकॉन ग्रीस लावू नका, फुगते. रिंग चपटी झाली असेल तर फेकून द्या, काही रुपयांची वस्तू आहे, तिच्यासाठी शेकडो रुपयांचा स्पीड कंट्रोलर घालवायचा नाही.

बीपीचं यंत्र आणि शाईचे ठिपके

आता थोडा खर्च. डॉक्टरचं जुनं काटेवालं बीपी यंत्र मिळवा, पट्टा काढा, रबरी फुगा आणि डायल एवढं ठेवा आणि नळीच्या व्हॉल्व्हला जोडा, त्यासाठी व्हॉल्व्हमधली पिन तात्पुरती काढायला लागते. डायलवरचे ७५ म्हणजे साधारण १ मीटर पाणी. दहा-पंधरा वेळा फुगा दाबून सुई ७५ वर न्या आणि दहा मिनिटं सोडा. सावलीत करा आणि नळीला हात लावून बसू नका, एक डिग्री फरक पडला तरी सुई डायलवरच्या अडीच मिमीनं हलते, ती गळती समजून लोक रात्र जागवतात. सुई सरळ खाली येत असेल तर नळी पाण्यात दाबून बुडबुडे बघा. आमच्या मळ्यात गुरांची दगडी डोण आहे, मी त्यात ठेवून वर विटा ठेवतो.

इथं एक गोष्ट जीव तोडून सांगतो. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर लावू नका. १०० पीएसआय म्हणजे चौरस सेंटिमीटरला ७ किलो, माझ्या झाकणाच्या आतल्या ८३ चौरस सेंटिमीटरवर साडेपाचशे किलोच्या वर जोर. पीव्हीसी फुटली की तिचे सुरे होतात. रबरी फुगाच वापरा, आणि १५० च्या वर कधी नेऊ नका.

बुडबुडे दिसले म्हणजे पाण्याची वाट सापडली असं मात्र नाही, वर सांगितलं तसं. शाफ्टवरचं ऑइल सील (रबरी ओठाची कडी) एका बाजूचा दाब धरतं आणि दुसऱ्या बाजूचा सोडतं, ती त्याची रचनाच आहे. म्हणून उलटी परीक्षापण घ्यायची, ओढीची. मेडिकलमधनं ६० मिलीची सिरिंज आणि सलाइनला लावतात तो थ्री-वे घ्या, व्हॉल्व्हला जोडा आणि आठ-नऊ वेळा हवा ओढून काढा. ५ लिटरच्या नळीत तेवढ्यानं दाब दहा टक्के पडतो, म्हणजे डोणीत वीतभर पाण्यात ठेवून एक मीटर खोलीची परीक्षा झाली. त्याआधी प्रत्येक भोकाला आतनं टिश्यू पेपरची पट्टी गुंडाळा आणि तिच्यावर शाईच्या पेनानं ठिपके काढून ठेवा. बॉलपेन नको, त्याची शाई पसरत नाही. अर्ध्या तासानं उघडा, जिथले ठिपके पसरलेत तिथनं पाणी आलंय. एवढं करायच्या आधी सीलंटची ट्यूब उघडायचीच नाही, असा मी स्वतःला नियम केलाय.

वायरीतनं येणारं पाणी

हे कुणाच्या डोक्यात येत नाही म्हणून जरा सविस्तर. पाण्याखाली २.४ गिगाहर्ट्झ जात नाही म्हणून आपण जुने कमी फ्रिक्वेन्सीचे सेट वापरतो, त्याची लांब अँटेनाची वायर झाकणातनं बाहेर जाते. भोकाला इपॉक्सी भरलेलं असतं, बाहेरनं एकदम पक्कं. पण वायर बारीक तारांची असते आणि त्या तारांच्या मधनं, प्लास्टिकच्या आतनं, पाणी दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं चढतं. बाहेरचं टोक ओलं, आतलं टोक रिसीव्हरमध्ये, म्हणजे पाणी थेट जिथं नको तिथंच. टिश्यू कोरडा आणि रिसीव्हरच्या टर्मिनलला हिरवा गंज, असं दिसलं की वायरच धरा. उपाय सोपा आहे, झाकणाच्या भोकात जिथं इपॉक्सी येणार तेवढ्या तुकड्यावरचं प्लास्टिक एक सेंटिमीटर सोला, उघड्या तारांवर सोल्डर मुरवून ती भरीव करा आणि मग इपॉक्सी ओता. वाट तिथं बंद होते. दिव्याच्या वायरलापण तसंच.

पुशरॉडचे रबरी बेलो (घड्यांच्या टोप्या) हातानं ताणून बघा, घडीत चिरा असतात, बदला. झालं.

शाफ्ट

मोटार फिरल्यावरच पाणी येत असेल तर इथं या. पहिली चूक सीलची दिशा. गाडीला ऑइल सील बसवायची सवय असलेला माणूस सपाट, नंबरवाली बाजू बाहेर ठेवतो, कारण गाडीत तेल आत असतं आणि ओठ तेलाकडे पाहिजे. आपल्याकडे पाणी बाहेर आहे, म्हणून स्प्रिंगवाला ओठ बाहेर. मिस्त्रीला सांगितल्याशिवाय तो उलटंच बसवणार, त्याची चूक नाही. पण पिस्टन टाकीच्या बोटीला एक सील पुरत नाही, आतली जास्त दाबाची हवा त्यातनं सुटणारच आणि मग वर सांगितलेला ओढीचा खेळ सुरू. मी प्रत्येक शाफ्टला दोन सील पाठीला पाठ लावून बसवतो, एकाचा ओठ बाहेर, एकाचा आत, मधल्या जागेत ग्रीस. हा बदल केल्यापासून माझे बुडबुडे बंद झाले आणि त्यामागोमाग वर आल्यावर येणारं पाणीपण बंद झालं, पुशरॉडला हातसुद्धा न लावता.

सील बरोबर असूनपण येत असेल तर शाफ्ट ओढून काढा आणि ओठ घासतो त्या जागी नख फिरवा. नख अडकलं तर चर पडलीय. आमच्याकडे पावसानंतर शेततळ्यात तांबड्या मातीचं पाणी भरतं आणि त्यातले बारीक कण ओठाखाली बसून स्टेनलेस शाफ्टसुद्धा खातात. चर पडलेल्या शाफ्टवर नवीन सील घालून काहीच होत नाही, शाफ्ट बदला नाहीतर सील दोन मिमी पुढं-मागं सरकवून कोऱ्या जागी आणा. मी जूनपासून गढूळ पाण्यात बोट घालतच नाही, पाणी निवळेपर्यंत थांबतो. मग कपलिंग, म्हणजे मोटार आणि शाफ्टचा जोड. मोटार आणि शाफ्ट एका रेषेत नसतील तर शाफ्ट भोवऱ्यासारखा डोलतो आणि ओठ एका बाजूला उघडतो, सील नवं असलं तरी. कपलिंग सुटं करून शाफ्ट दोन बोटांनी फिरवा, मग जोडून फिरवा. जोडल्यावर जड लागला तर मोटारीचे स्क्रू सैल करून ती जागेवर आणा.

नळीच वाकडी असेल तर

एवढं सगळं करून झाकणापाशीच ठिपके पसरत असतील तर व्हर्नियरनं नळीचं तोंड चार दिशांनी मोजा. हार्डवेअरच्या दुकानात पाइप उन्हात एकावर एक रचलेले असतात, खालचा अंडाकृती होतो. ३.५ मिमीची रिंग २० टक्के दाबायची म्हणजे ०.७ मिमी. व्यासात ०.८ मिमीचा फरक असला की एका बाजूचे ०.४ तिथंच गेले, राहिले ०.३, आणि थंड पाण्यात रबर कडक झालं की तेही जातात. अशा नळीला जाड रिंग घालायचा मोह होतो, नका घालू, बारीक बाजूला ती कापली जाते.

इथं थांबा

झाकणाची खाच घरी करवतीनं नाहीतर ड्रिलनं सुधारायची नाही, लेथवरच. नळी आणि झाकण दोन्ही टर्नरकडे न्या, तोंड आतनं एक हात फिरवून गोल करून मागा आणि त्या मापाला खाच काढून घ्या. उद्यमबागमध्ये हे काम करणारे पुष्कळ आहेत, काम लहान आहे म्हणून लाजायचं नाही, मोटारीची बैठकपण त्याच वेळी झाकणाबरोबर एका सेंटरला लावून घ्या. नळीला केसाएवढी जरी चीर दिसली तर कुणाकडेच नेऊ नका, नळी बदला. दोन मीटरवर झाकणावर १९ किलो जोर असतो, चीर चिकटवून तो पेलत नाही.

लिथियम बॅटरीला पाणी लागलं तर तपासणी बंद. बॅटरी सुटी करून घराबाहेर, मोकळ्या जागी, मातीवर ठेवा, पुसून परत चार्जिंगला लावू नका, फुगली असेल तर हातातसुद्धा धरू नका, बॅटरीचं काम करणाऱ्याला विचारा. मी ह्याच कारणानं ६ व्होल्ट ४.५ अँपिअर अवरच्या दोन सीलबंद लेड बॅटऱ्या वापरतो, नाहीतरी वजन पाहिजेच असतं. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर अवरची ११० च्या नळीत जात नाही, तिचा कर्ण ११४ मिमी येतो. लेड बॅटरी चार्ज करताना दोन्ही झाकणं उघडी पाहिजेत, हायड्रोजन सुटतो, बंद नळीत साठला आणि कुठं ठिणगी पडली तर काय होईल ते सांगायला नको.

आणि बोट बुडाली तर. परीक्षा शेततळ्यात घ्या, ज्याला सरकारी कागदात कृषी होंडा म्हणतात, मालकाला विचारून आणि कमरेएवढ्या पाण्यात. प्लास्टिक घातलेल्या शेततळ्याचा उतार निसरडा असतो, पोहणाऱ्यालासुद्धा वर चढता येत नाही, म्हणून काठाला दोर बांधलेला पाहिजे आणि सोबत माणूस पाहिजे. राकसकोपसारख्या पिण्याच्या पाण्याच्या तलावात नको. विहिरीत बुडाली तर कुणीही उडी मारायची नाही, पोराला तर उतरवायचंच नाही, वर्षभराची मेहनत असली तरी नाही. गावात बादली काढायचा गळ कुणाकडे तरी असतोच, तो दोराला बांधून वरनं सोडा, नाही जमलं तर विहिरीत उतरणारा माहीतगार माणूस बोलवा. गळाला अडकायला बोटीच्या पाठीवर, मधोमध, एक स्टीलची कडी आधीच बसवून ठेवा आणि ती फायबरला नाही, आतल्या नळीच्या पट्ट्याला जोडा.